मधला चौक

तव्यावरची भाकरी उलटायच्या आत शेगडीची निळी ज्योत पिवळी पडली, दोनदा थरथरली आणि विझली. कौसल्येने काडी ओढली. नळीला कान लावला. चावी उलटसुलट फिरवून पाहिली. काही नाही. परातीत अजून अर्ध्या भाकऱ्यांचं पीठ मळून पडलेलं, वांग्याची भाजी कच्ची, आणि बाहेर ओट्यावर नवरा आणि दोघे दीर, तिन्ही भाऊ जेवायची वाट बघत बसलेले.

मधला दीर रामकिसन पिंपळगाव रेणुकाईहून सकाळच्या मोटारीने आला होता. तिथल्या शाळेत तो मास्तर होता. एरवी रविवारी यायचा तो बायकोपोरांना घेऊन, पिशवीत शेव-चिवडा घालून. आज एकटा आला, रिकाम्या हाताने आला, आणि वहिनीच्या हातचं पाणी पिताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तेव्हाच कौसल्येने ओळखलं की आज जेवण नावालाच आहे.

नवी पळसझरी हे सरकारदरबारी आदर्श गाव होतं, आणि आदर्श गावात कुणाची भाकरी कच्ची राहू नये अशी तरतूद नकाशातच केलेली होती. जुनं गाव धरणात गेलं, तेव्हा हे नवं गाव माळावर वसवलं. ते वसवणारे गृहस्थ खादी घालायचे, उन्हातान्हात पायी हिंडायचे आणि बगलेत कायम कागदाची सुरळी बाळगायचे. त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे त्यांना नकाशेवाले साहेब म्हणत. चार घरांचा एक चौक, चौकात पाण्याचा एक हौद आणि शेणाच्या गॅसची एक टाकी, असं त्यांनी आखलं. चारही घरच्या जनावरांचं शेण एका टाकीत पडायचं आणि त्याचा जाळ चारही घरांत पेटायचा. मोरीचं पाणी दगडी पन्हाळीतून दारच्या झाडांना जायचं. गावाच्या शिवेत कुऱ्हाड चालवायची नाही, असा नियम होता. आणि या सगळ्यांहून भारी गोष्ट म्हणजे, घरं चिठ्ठ्या टाकून वाटली गेली. कोणाच्या शेजारी कोण येणार ते चिठ्ठी ठरवणार होती.

चिठ्ठीने गिरिजाबाईला, म्हणजे कौसल्येच्या सासूला, गावाच्या मधोमध आणून बसवलं. मधल्या चौकात, साहेबराव पाटलाच्या भिंतीला भिंत लावून. जुन्या गावात महारवाडा ओढ्यापलीकडे होता. छप्पन साली सगळा वाडा बौद्ध झाला, देव्हारे गेले, मेलेली ढोरं ओढायचं बंद झालं, पण ओढा तिथेच राहिला. तो ओढा नकाशेवाल्या साहेबांच्या एका चिठ्ठीने बुजवला. साहेबरावाच्या पाच जनावरांचं शेण आणि कौसल्येच्या नवऱ्याच्या, अप्पारावाच्या, एका म्हशीचं शेण एका टाकीत पडायला लागलं.

कौसल्या इथे आली त्या पहिल्या दिवशी तिने चौकातल्या हौदात आपल्या हाताने घागर बुडवली. लग्न होऊन आल्यापासून जुन्या गावच्या विहिरीवर तिने घागर खाली ठेवून, कुणी वरून पाणी ओतील म्हणून तासन्‌तास वाट पाहिली होती. इथे घागर बुडाली, भरली, वर आली आणि कुणी चकार शब्द काढला नाही. ती घरात आली, दार लावलं आणि पोटभर रडली. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. आता हे घर तिला सोडायचं नव्हतं. दुसरं काही तिला नको होतं, फक्त हे घर हवं होतं.

परात झाकून ती बाहेर आली. शेजारच्या ओट्याशी साहेबरावाची आई झुंबरबाई बसली होती. पदर खोचून, कोपरापर्यंत हात भरवून ती गवऱ्या थापत होती. आदर्श गावाच्या चुना दिलेल्या भिंतीवर ओल्या गवऱ्यांची रांग लागली होती.

"झुंबरकाकू, आज टाकीत शेण न्हाई पडलं का तुमच्याकून?"

"गवऱ्या घालून राह्यले. दिसत न्हाई का?"

"दिसतंय ना. घरी दीर आलेत, अन् गॅस बसला."

"मंग पेटव चूल. आमी न्हाई पेटवत?" झुंबरबाईने एक गवरी भिंतीवर थापली आणि मग जरा नरमून म्हणाली, "हे पाह्य कौसल्या, तुझं-माझं काई भांडण न्हाई. तू वाईट न्हाईस. पण त्या टाकीत कोनाकोनाचं शेण कालवलेलं. त्या जाळावरची भाकर माझ्या घशाखाली उतरत न्हाई. जल्माची सवय हाय माय. आता म्हातारपणी माझ्या जिवाला काहून घोर?"

"शेण तं जनावराचंच असतं, काकू."

"जनावर कोनाचं, ते बी पाहावं लागतं."

दोन्ही घरची जनावरं एकाच माळावर एकच गवत खात होती. पण म्हातारी खोटं बोलत नव्हती, कुजकंही बोलत नव्हती. तिला खरंच भाकरी जात नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं. कौसल्येने परसातल्या वाळक्या काटक्या गोळा केल्या, तीन दगड मांडले आणि धुरात डोळे चोळत उरलेल्या भाकऱ्या भाजल्या. पन्हाळीच्या कडेचे कडुनिंब, करंज, शेवगा तिने उन्हाळाभर चूळ भरलेलं पाणीसुद्धा घालून जगवले होते. त्यांच्यावर आज तिच्याच चुलीचा धूर चढत होता.

जेवणं झाली. हात धुऊन झाल्यावर रामकिसनने चष्मा पुसला आणि आईकडे तोंड केलं.

"माय, मी सरळच बोलतो. उद्या तलाठी येऊन राह्यला. साहेबराव अदलाबदल मागतो, ती करून टाकू. घर तुझ्या नावावर हाय, अंगठा तुझाच लागनार."

गिरिजाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला दोन्ही गुडघ्यांनी जेरीस आणलं होतं. तिने नुसतं हूं केलं.

साहेबरावाच्या धाकट्या भावाला, भुजंगला, चिठ्ठीत खालच्या रांगेचं घर आलं होतं. तो त्या घरात एक दिवसही राहिला नाही. कुलूप घालून थोरल्याकडेच पडून होता. भाऊ-भाऊ शेजारी राहावेत म्हणून त्याला हे मधल्या चौकातलं घर पाहिजे होतं. मोबदल्यात गिरिजाबाईने खालच्या रांगेत जायचं. तिथे एव्हाना सगळी आपलीच माणसं जमली होती. पावसाळ्यापासून गावात अशा अदलाबदली सुरू झाल्या होत्या, आणि सगळ्या राजीखुशीने. चौकातला कमरोद्दीन पिंजारी मशिदीजवळ घर मिळालं म्हणून आनंदाने गेला. जाताना कौसल्येला म्हणाला, "भाभी, अपने लोगां में अच्छा लगता." त्याचंही खोटं नव्हतं.

"चिठ्ठ्या टाका असं नकाशेवाल्या साहेबाला पहिल्यांदा म्हनलो तो मीच होतो," रामकिसन म्हणाला. "काय सोडून राह्यलो ते मला ठाव हाय. पण तवाचा वखत अलग होता. यंदा विद्यापीठाच्या नावापायी नांदेड-परभणीकडं आपली घरं जाळली. माझ्या शाळेतले मास्तर रोज माझ्यासंगं जेवायचे. मह्यनाभर माझ्याकडं बघितलं न्हाई कोनी. उद्या इथं काई झालं तं तुमी मधी सापडसाल. चारी बाजूंनी ते, अन् मधी तुमी. मला झोप न्हाई येत, माय."

कौसल्येला दिराची दया आली. याच रामकिसनने तिला हौदावर पहिली घागर भरायला लावली होती. "जा वहिनी, कोनी काई म्हनत न्हाई," असं तो म्हणाला होता, आणि हौदापर्यंत तिच्या मागे चालत आला होता.

"अन् समदे एका जागी राह्यल्यावर काई होनार न्हाई?" ती म्हणाली. "इखुरलेले असलो तं घर हुडकावं लागतं, भाऊजी. एका रांगेत असलो तं त्यांला एकच काडी पुरंल."

रामकिसन पुन्हा चष्मा पुसायला लागला. मग शिवाजीने तोंड उघडलं. धाकटा दीर, रक्त गरम. गेल्याच आठवड्यात याने चौकात उभं राहून साहेबरावाला ऐकवलं होतं की आमी इथून बिलकुल उठनार न्हाई. कौसल्येची त्याच्यावर भिस्त होती.

"वहिनी, जरा ऐक. साहेबराव म्हनला, विहिरीचं पाणी देतो. आपल्या बांधापातुर पाट काढून. गहू होईल आपला. आजपातुर कधी गहू झाला का आपल्या रानात?"

"कवा म्हनला?"

"काल."

"अन् तू काय म्हनलास?"

"इचारून सांगतो म्हनलो," असं म्हणून शिवाजीने मान खाली घातली.

म्हणजे हाही गेला. कौसल्येला राग यायला हवा होता, पण राग यायलासुद्धा अंगात त्राण लागतं. सकाळपासून पाणी, शेण, धूर, स्वयंपाक यांनीच ती पिळून निघाली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. अप्पाराव उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होता. दुष्काळात पोट भरायला ज्या धरणाच्या भिंतीवर त्याने घमेल्याने माती वाहिली, त्याच धरणात नंतर त्याचं घर बुडालं. तेव्हापासून तो कुठल्याच गोष्टीवर नीट हो किंवा नाही म्हणत नसे.

"तुमी तं बोला काई," ती म्हणाली.

"मी काय बोलू? इथं राह्यलो तरी चालतंय, तिथं गेलो तरी चालतंय. मला नुसतं निजायला जागा पाह्यजे. मायला इचारा."

सगळ्यांनी मायकडे पाहिलं. गिरिजाबाई म्हणाली, "घर तं पाहू दे आधी. न पाहता कोनी पोरगी बी देत न्हाई."

तेव्हा कौसल्या सासूला घेऊन खालच्या रांगेकडे निघाली. वाट उताराची होती आणि म्हातारी तिच्या खांद्याला धरून एकेक पाऊल टाकत होती. दुपार कलली होती. दोन्ही बाजूंची घरं एकसारखी, एका रंगाची, एका उंचीची. नवखा माणूस आला असता तर त्याला वाटलं असतं, काय सुरेख गाव आहे. कौसल्या मात्र घरं ओळखत चालली होती. हे पाटलांचं, हे पाटलांच्याच भावकीतलं, हेही. मग वाण्यांची घरं, एकाला एक लागून. मग माळी. मशिदीच्या बाजूला कमरोद्दीन आणि त्याची माणसं. पावसाळ्यापासून एकेक जण आपापल्या खुशीने सरकला होता, आणि सगळे सरकून झाल्यावर जुनीच पळसझरी नव्या माळावर उतरली होती. फक्त ओढा राहिला होता. तोही खालच्या रांगेशी आल्यावर दिसला. साऱ्या गावच्या पन्हाळींचं उरलंसुरलं पाणी उताराने इथे येऊन साचलं होतं आणि त्या चिखलावर पलीकडे जायला कुणीतरी दोन दगड टाकले होते.

त्या दगडांवरून कौसल्येने सासूला एकेक पाय टाकत पलीकडे नेलं.

"आली गं बया, गिरिजा आली!" नंदाबाई ओट्यावरून ओरडली. जुन्या वाड्यात तिचं घर गिरिजाबाईच्या समोर होतं. जात्यावर दोघी मिळून बसायच्या, बाळंतपणं एकमेकींनी काढली होती. नंदाबाईने गोणपाट अंथरलं, आणखी दोघी-तिघी म्हाताऱ्या गोळा झाल्या, आणि बघता बघता गिरिजाबाई वेगळीच बाई झाली. कुणाच्या तरी सुनेची नक्कल केली. कुणाच्या तरी नवऱ्याला शिव्या घातल्या. तोंडाला पदर लावून ती हसली, हसता हसता तिला ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावर पुन्हा हसली. मधल्या चौकात येऊन वर्ष उलटून गेलं होतं. तेवढ्या काळात कौसल्येने सासूला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिथे ती दिवसभर भिंतीला टेकून बसायची. झुंबरबाई समोर असायची, पण दोघींत बोलण्यासारखं काही नव्हतं.

"मला तं बरं हाय इथं," नंदाबाई कौसल्येला म्हणाली. "डास हायत, वास येतो, झाडं बी जगली न्हाईत. पण बोलाया माणूस हाय. वर मी लई एकली पडल्ते बाई. दिस खायला उठायचा. तुझ्या सासूलाबी आणून सोड. किती दिस राह्यले आमचे?"

कौसल्या तिथून उठली. भुजंगच्या कुलूपबंद घरापाशी जाऊन तिने फटीतून आत पाहिलं. घर चांगलं होतं. आपल्या घराइतकंच. दारात चार खड्डे होते आणि चारही खड्ड्यांत वाळलेल्या काड्या उभ्या होत्या. तिला वाटलं, आपण कुणासाठी एवढं धरून बसलोय? हौदात घागर बुडवायची हौस आपली, आणि त्यापायी ही म्हातारी तिकडे मुकी होऊन चाललीय. एक दीर घाबरलेत, दुसऱ्याला पाणी हवंय, नवरा थकलाय. मग एकटीनेच खांब धरून उभं राहायचं ते किती दिवस? तिच्या आतलं काहीतरी सैल पडलं. त्याने तिला जरा बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

परत फिरावं म्हणून ती वळली, तोच चिखलापलीकडून हाक आली.

"ए, कोन हाय रं तिकडं?"

भुजंग होता. दगडांच्या त्या बाजूलाच थांबला होता. आपल्या स्वतःच्या घरासमोरच्या त्या दगडांवर पाय न देता तो तिथूनच ओरडत होता.

"वाण्याची म्हातारी गेली. धावड्याला तिच्या लेकीला सांगावा धाडायचाय. मोटार न्हाई आता. कोनी तरी निघा रं, जल्दी."

कुणाचं नाव घेऊन हाक नव्हती. कुणीतरी निघा, एवढंच. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांचं हसणं थांबलं. मयताचा सांगावा गावोगाव पोचवायचं काम जुन्या गावात महारवाड्याचं होतं. छप्पननंतर तेही सोडलेलं होतं, आणि नव्या गावात चिठ्ठ्यांनी घरं पांगल्यावर तर ते कुणाला सांगायचं, कोणत्या दारात उभं राहून ओरडायचं, हेच कुणाला कळत नव्हतं. गेल्या वर्षी गावात तिघं-चौघं गेले, तेव्हा ज्याचं त्याने निस्तरलं, सायकलवर पोरं पाठवली. आता पुन्हा ओरडायला जागा झाली होती.

नंदाबाईचा नवरा पुंजाराम घरातून बाहेर आला. सत्तरीचा माणूस. त्याने खुंटीवरचा पटका काढला आणि डोक्याला गुंडाळायला लागला.

"तुमी कुठं निघालात?" नंदाबाई म्हणाली.

"जाऊन येतो. मयत हाय. मयताला न्हाई म्हनू नये."

"त्यांच्यात पोरं न्हाईत का?"

"असतील. पण हाक आली ना," पुंजाराम म्हणाला. त्याने काठी घेतली, दगडांवरून चिखल ओलांडला आणि धावड्याच्या वाटेला लागला. भुजंग तोवर निघूनही गेला होता. कुणी तरी येईल याची त्याला खात्री होती.

गिरिजाबाई त्या पाठमोऱ्या पटक्याकडे बघत राहिली. मग तिने कौसल्येकडे हात पुढे केला. "उठव मला."

परतीचा चढ म्हातारीला झेपत नव्हता. थोडं चालली की थांबायची, छाती दाबून धरायची, पुन्हा निघायची. एका थांब्यावर कौसल्याच म्हणाली, "आत्याबाई, मी आडवी येनार न्हाई आता. करून टाका अंगठा. तुमाला तिथं किती बरं वाटलं ते मी पाह्यलं ना. जाऊ आपुन तिकडं."

"तुला जायचंय का?"

"न्हाई. पण जाऊ."

म्हातारीने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा पाऊल टाकलं. दोघी घरी आल्या तेव्हा उन्हं उतरली होती आणि साहेबराव आधीच अंगणात येऊन उभा होता. ओट्यावर रामकिसन आणि शिवाजी, उंबऱ्यात अप्पाराव, सगळे जसेच्या तसे. शेजारच्या ओट्यावर झुंबरबाई हात धुऊन बसली होती, आणि तिचं सगळं लक्ष इकडे होतं.

"या काकू," साहेबराव म्हणाला. जुन्या गावात तो तिला, त्याच्या आईच्या वयाच्या बाईला, गिरजे म्हणून हाक मारायचा. अदलाबदलीची गोष्ट निघाल्यापासून ती काकू झाली होती. "आलात पाहून? घर बराबर हाय ना? मंग उद्या तलाठी आला की उरकून टाकू. गाडी माझी, बैलं माझे, मानसं माझी. तुमाला एक गाडगं उचलू देनार न्हाई."

गिरिजाबाई ओट्यावर टेकली. तिला बोलायला दम लागत होता, म्हणून सगळे थांबले.

"मला न्हाई उठवत, साहेबराव," ती म्हणाली.

"आता कोन म्हनतंय उठा? उद्याचं म्हनतोय मी."

"उद्या बी न्हाई उठवनार."

कौसल्येने चमकून सासूकडे पाहिलं. रामकिसन म्हणाला, "माय, दुपारी ठरल्तं ना आपलं?"

"तुमचं ठरल्तं. मी घर पाहते म्हनले. पाह्यलं." म्हातारी साहेबरावाकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. ती आपली एक कुरकुर सांगावी तशी सांगत होती. "तुझ्या आज्यानं बारव बांधली, तवा म्हनले, तुमची सावली पडती, मागं सरका. सरकलो. पटकी आली तवा म्हनले, तुमच्याकून आली, ओढ्यापल्याड जा. गेलो. धरण आलं, गेलो. दर बारीला गाडगीमडकी उचलली अन् गेलो. कधी तोंडातून सबूद काढला न्हाई. आता गुडघे गेले रे बाबा माझे. लई दमले मी."

"म्हनून तं गाडी देतो म्हनलो ना, काकू."

"गाडीचं न्हाई." तिने श्वास घेतला. "तुझ्या मायला आमचा शेजार सोसत न्हाई. तिचं बी वय झालं, मी तिला नाव ठेवत न्हाई. अन् तुमा भावाभावांला एका जागी राह्यचंय. ते बी बराबर हाय, भाऊ एका जागी असावेत. मंग खालच्या रांगेत भुजंगचं घर हाय की. चांगलं हाय, मी आत्ताच पाहून आले. तू जा तिथं, मायला घेऊन."

शेजारच्या ओट्यावर झुंबरबाईचा हात तोंडाकडे गेला. साहेबरावाने अप्पारावाकडे पाहिलं, मग रामकिसनकडे. आणि अप्पाराव, जो वर्षानुवर्षं कशालाच हो-नाही म्हणत नव्हता, तो उंबऱ्यातून उठला, पुढे आला आणि आईच्या शेजारी ओट्यावर बसला.

"काकू, तुमी काय बोलून राह्यल्या, तुमाला तरी कळतंय का?" साहेबराव म्हणाला. "आमी जायचं? त्या चिखलात?"

"मंग काय झालं? आमी जानारच होतो ना त्याच चिखलात," गिरिजाबाई म्हणाली. "दर बारीला आमी उठलो, साहेबराव. या बारीला तुमी उठा."